मदत हवी आहे: बाळाला रोज ऊन मिळतंय, व्हिटॅमिन डी चे ड्रॉप्स बंद केले तर चालेल का?

घाईत_आहे
लवकर सांगा प्लीज. बाळाला रोज सकाळी सात ते साडेसात कोवळ्या उन्हात ठेवतो. तरी डॉक्टर म्हणतात डी चे ड्रॉप्स चालूच ठेवा. ते पाजणं म्हणजे रोजची झटापट, अर्धं औषध बाहेरच येतं. ऊन मिळतंय तर बंद केले तर चालतील ना? आणि बायकोचा डी चा रिपोर्ट ३२ आलाय, बरा आहे का? हो की नाही एवढंच सांगा, निबंध नकोत.

थेंबे_थेंबे
बाळ केवढं आहे? दिवस पूर्ण भरून झालंय का? अंगावर पितं की पावडरचं दूध? आणि ३२ कसले, नॅनोग्रॅम की नॅनोमोल? यातलं काहीच नसताना हो-नाही कशाच्या जोरावर सांगायचं?

सावली_मोजा
सातच्या उन्हातून डी जवळजवळ मिळत नाही. त्वचेत डी बनवतात ते २९० ते ३१५ नॅनोमीटरचे अतिनील-बी किरण. सूर्य खाली असताना ते हवेतून तिरपे येतात आणि बहुतेक वाटेतच शोषले जातात. सोपी खूण: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब पडत असेल तोवर डी चा हिशोब धरू नका. सावली आखडते तेव्हा डी बनतं खरं, पण तेच किरण तान्ह्या बाळाची कातडी भाजतात. म्हणून सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला थेट उन्हात ठेवू नका, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स सांगते.

कोवळं_ऊन
झालं, सगळं बाटलीवर ढकललं की सुटलो! १९१९ साली बर्लिनमध्ये डॉक्टर हुल्डशिन्स्कींनी नुसत्या प्रकाशाने मुलांचा मुडदूस, म्हणजे डी कमी पडून हाडं मऊ होण्याचा आजार, बरा केला. तेव्हा कुठले ड्रॉप्स होते?

सावली_मोजा
तो पाऱ्याच्या वाफेचा क्वार्ट्झ दिवा होता. क्वार्ट्झमधून अतिनील-बी आरपार जातात, खिडकीच्या साध्या काचेतून जवळपास नाहीत. बरं आठवलं. घाईत, बाळ उघड्यावर असतं की काचेच्या आत?

निळा_दिवा
कावीळ असेल तर उन्हावर विसंबू नका. त्यावर चालतो तो साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटरचा निळा प्रकाश, आणि तो रुग्णालयातच, रक्तातलं बिलिरुबिन (कावीळ आणणारं पिवळं द्रव्य) मोजत देतात.

थेंबे_थेंबे
कावीळ कुणी विचारली इथे?

घाईत_आहे
काचेच्या आत. बाहेर वारा असतो. बाळ सात आठवड्यांचं, पूर्ण दिवसांचं, फक्त अंगावर पितं. रिपोर्टवर नॅनोमोल प्रति लिटर लिहिलंय. आता सांगा.

थेंबे_थेंबे
मग रिपोर्ट बरा नाही. नॅनोमोलला अडीचने भागा: ३२ म्हणजे जेमतेम १३ नॅनोग्रॅम. निदान २० तरी हवेत, म्हणजे ५० नॅनोमोल. तिच्या गोळीचा डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या, तीनेक महिन्यांनी पुन्हा तपासा. मधल्या काळात दर आठवड्याला तपासण्यात अर्थ नाही, ही पातळी सावकाश हलते.
बाळाचं म्हणाल तर डी ची शिदोरी पोटात असताना नाळेतून मिळते आणि ती आईच्या पातळीपेक्षा कमीच असते. इथे आईचंच कमी. अंगावरच्या दुधात एरवीही लिटरमागे शंभर युनिटसुद्धा नसतात. म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळाला पहिल्या काही दिवसांपासून रोज ४०० युनिट. दिवसाला लिटरभर पावडरचं दूध पिणाऱ्याला वेगळे लागत नाहीत, कारण ते त्यात घातलेलं असतं.

दोघांचं_एकच
बाळाला छळताच कशाला? आईने रोज ६४०० युनिट घेतले की दुधातून पुरेसं उतरतं. २०१५ मध्ये तसा अभ्यास झालाय.

थेंबे_थेंबे
झालाय, पण तो स्तनदा मातांवर, रोज न चुकता आणि देखरेखीखाली. एरवीची वरची मर्यादा ४००० आहे. इथे आईचंच १३ आहे, ते वर चढेपर्यंत बाळाने काय करायचं?

पाचवा_महिना
मधेच विचारते, गरोदरपणात किती घ्यायचं?

सावली_मोजा
सर्वसाधारण शिफारस रोज ६०० युनिट, काही देशांत ४००. आधी मल्टीव्हिटॅमिनच्या गोळीवर वाचा, त्यात बहुधा काही असतंच. मायक्रोग्रॅममध्ये लिहिलं असेल तर ४० ने गुणा. अवांतर: कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नका, लोह नीट शोषलं जात नाही.

थेंबे_थेंबे
घाईत, एक गोष्ट खटकतेय. "अर्धं बाहेर येतं" म्हणालात. किती देता? बाटलीवर ४०० युनिट कशात लिहिलंय, एक मिलीत की एका थेंबात?

घाईत_आहे
एक मिली, पहिल्यापासून तेवढंच. बाटली तीन दिवसांपूर्वी बदलली. नवीत ड्रॉपर नव्हता, टोपीखाली नुसतं छिद्र आहे, म्हणून जुनाच वापरतो. थांबा, बघतो... "प्रत्येक थेंबात ४००".

थेंबे_थेंबे
आजचा डोस देऊ नका. आत्ता डॉक्टरांना फोन लावा, सकाळची वाट बघू नका. अशा बाटलीचा थेंब साधारण ०.०३ मिलीचा असतो. म्हणजे एका मिलीत तेहतीसेक थेंब, तेरा हजारांच्या वर युनिट. अर्धं सांडलं धरलं तरी रोजच्या गरजेच्या कितीतरी पट. फोनवर तीन गोष्टी सांगा: बाळाचं वजन, बाटलीवरचा आकडा, किती दिवस दिलं. जादा डी ने रक्तातलं कॅल्शियम वाढतं, ते तपासायचं का हे त्यांना ठरवू द्या. दूध टाळणं, उलट्या, शी घट्ट होणं, लघवी जास्त होणं, मलूल पडणं यातलं काही दिसलं तर थेट घेऊन जा. कॅल्शियम हळूहळू चढतं, तेव्हा आत्ता खेळतंय म्हणून गाफील राहू नका.

कोवळं_ऊन
म्हणूनच म्हणत होतो, ऊन बरं. उन्हातून डी जास्त झालं असं कधी होत नाही.

सावली_मोजा
ते खरं, त्वचेत जादा बनलेलं उन्हातच मोडतं. पण काचेच्या आत मुळात बनतच नाही त्याचं काय?

घाईत_आहे
बोललो. ड्रॉप्स तूर्त बंद, संध्याकाळी कॅल्शियमची तपासणी. दूध नेहमीसारखं पितोय. पुन्हा सुरू केले की थेंब मोजायचा कसा, हे फोनवर विचारायचं राहिलं.

थेंबे_थेंबे
जुना ड्रॉपर आजच फेकून द्या. बाटली सरळ उलटी धरायची, दाबायची नाही, झटकायची नाही. तेल घट्ट असतं, थेंब सुटायला काही सेकंद लागतात. आधी स्वच्छ चमच्यावर पाडा, एकच पडलाय हे बघा, मग बोटाने गालाच्या आतून लावा किंवा पाजण्याआधी स्तनाग्रावर. थेट तोंडात धरलं तर दोन पडले की तीन, कळतच नाही.