सॉलिडवर्क्स गेज टेबल: १६ गेज सीआरसीए, दरवाजा १.७ मिमी मोठा येतोय

पॅनेलवाला
इलेक्ट्रिकल पॅनेलचे दरवाजे, १६ गेज (जाडीचा नंबर) सीआरसीए (कोल्ड रोल्ड स्टीलचा पत्रा). सॉलिडवर्क्स या डिझाइन सॉफ्टवेअरमधलं स्टीलचं तयार नमुना गेज टेबल (जाडी आणि बेंडची मूल्यं देणारी एक्सेल फाइल) लावलंय, मापं मिमीत: जाडी १.५१९, आतली त्रिज्या १.५, के-फॅक्टर (बेंडमध्ये ना ताणला ना दबला जाणारा थर आतून जाडीच्या कितव्या भागावर आहे तो आकडा) ०.५. दोन्ही बाजूंना २० ची फ्लँज (वळवलेली कड) आणि त्यावर आत वळलेली १५ ची लिप, म्हणजे रुंदीत चार बेंड. फ्लँज आणि लिप मापात बसतात, पण दरवाजा ४०० ऐवजी ४०१.७ येतो. ब्लँक (वाकवण्याआधीचा सपाट तुकडा) डीएक्सएफप्रमाणेच (कापणीच्या ड्रॉइंग फाइलप्रमाणे) कापलंय, मोजून पाहिलं. प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवायचं मशीन) व्ही-१२ डाय (१२ मिमी रुंद व्ही खाचेचा साचा) आहे. एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) आणि जीआयचंही (जस्त चढवलेला पत्रा) टेबल करायचंय. सगळं एकाच एक्सेलमध्ये टाकू का?

बेंड_डिडक्शन
१.५१९ हा अमेरिकन स्टील गेज आहे. आपल्या बाजारात १६ गेज म्हणतात तो एसडब्ल्यूजी (ब्रिटिश गेज), म्हणजे १.६२६, आणि प्रत्यक्षात हातात येतो १.६ चा पत्रा. अमेरिकन पद्धतीत तोच १६ नंबर गॅल्व्हनाइज्डला १.६१३ आणि ॲल्युमिनियमला १.२९. त्यामुळे गेज नंबर टेबलमधून काढूनच टाका. पहिल्या रकान्यात "सीआरसीए १.६ व्ही१२" असं नाव द्या, जाडी मिमीत.

आता हिशेब. एअर बेंडिंगमध्ये (पंच पत्रा डायच्या तळापर्यंत दाबत नाही) आतली त्रिज्या पंचपेक्षा डायवर ठरते. एमएसला (साधं स्टील) साधारण व्ही-ओपनिंगच्या १६ टक्के, म्हणजे व्ही-१२ ला १.९. ९० अंशाला बेंड डिडक्शन (सपाट लांबी काढताना बाहेरच्या मापांच्या बेरजेतून वजा करायचा आकडा) = २ × (त्रिज्या + जाडी) − १.५७०८ × (त्रिज्या + के × जाडी).

तुमच्या टेबलने: ६.०४ − ३.५५ = २.४९.
जाडी १.६, त्रिज्या १.९, के ०.४४ धरून: ७.०० − ४.०९ = २.९१.

बेंडमागे ०.४२ चा फरक, चार बेंडचे १.७. ऑपरेटर बॅकगेज (पत्रा मागे टेकतो तो थांबा) लावून लिप आणि फ्लँज मापात आणतो, त्यामुळे जास्तीचं सगळं मटेरियल मधल्या सपाट भागात जमा होतं. दरवाजाच तेवढा मोठा दिसतो तो म्हणून.

पट्टी_कापा
वरचा ०.४४ हा सुरुवातीचा आकडा, तो टेबलात कायमचा ठेवू नका. त्याच पत्र्याच्या १०० × ५० च्या तीन-चार पट्ट्या कापा, निम्म्या रोलिंगच्या दिशेत आणि निम्म्या आडव्या. लांबी व्हर्नियरने मोजून पट्टीवरच लिहा. लेझरची कर्फ (कापाची रुंदी) भरपाई चुकलेली असेल तर १०० ची ९९.९ निघते आणि तो दोष बेंडच्या माथी बसतो. मधोमध ९० ला वाका, गुण्याने कोन तपासा, दोन्ही पाय बाहेरून मोजा. बेरीज वजा मूळ लांबी = बेंड डिडक्शन. बेरीज १०२.९ आली तर डिडक्शन २.९, आणि त्रिज्या १.९ धरून के निघतो ०.४४४.

त्रिज्या आणि के ही जोडी आहे. त्रिज्या १.९ धरून काढलेला के टेबलात १.५ समोर लिहिला की मेहनत वाया.

जाडीचीही खात्री करा. २५०० × १२५० चा १.६ चा पत्रा ३९.२५ किलो भरायला हवा. काट्यावर ३८ भरला तर सरासरी जाडी १.५५ समजा. जाडीत ०.०५ चा फरक म्हणजे बेंडमागे सुमारे ०.०६५.

पॅनेलवाला
समजलं. मॉडेलमध्ये मटेरियल सीआरसीएचं एसएस ३०४ केलं तर के आपोआप बदलेल ना?

बेंड_डिडक्शन
नाही. नुसतं मटेरियल बदलल्याने घनता बदलते, म्हणजे वजन. एमएस ७८५०, एसएस ३०४ ला ८००० किलो प्रति घनमीटर. गेज टेबल वेगळी फाइल आहे, ते जुन्याच पत्र्याचं राहतं. म्हणून प्रत्येक धातूला स्वतंत्र एक्सेल ठेवा. एसएस जास्त स्प्रिंगबॅक करतं (वाकवल्यावर थोडं परत उघडतं), त्याच व्ही-१२ मध्ये त्रिज्या २.४ च्या आसपास जाते, पट्टी वेगळी वाकवावीच लागेल. मोजताना वरची प्लास्टिक फिल्म सोलून घ्या. जीआयमध्ये १२० जीएसएमचं (ग्रॅम प्रति चौरस मीटर) जस्त दोन्ही बाजू मिळून ०.०१७ मिमीच असतं, त्याची काळजी नको.

बाकी, फाइल सॉफ्टवेअरच्या मूळ फोल्डरमध्ये ठेवू नका. सर्व्हरवर एकच फोल्डर करा आणि ऑप्शन्स, फाइल लोकेशन्समध्ये तोच मार्ग सगळ्यांच्या मशीनवर द्या. नाहीतर नवीन व्हर्जन टाकलं की एक जण नवं टेबल वापरतो, दुसरा जुनं. जाडी किंवा त्रिज्येचा ओव्हरराइड (टेबल डावलून हाताने मूल्य भरायचा) टिकमार्क लागला की तो भाग टेबलचं मूल्य घेत नाही. जुनी मॉडेल्स उघडून हे आधी पाहा.

नेस्टिंग_टेबल
एक भर. प्रेस ब्रेकचं सॉफ्टवेअर मॉडेलवरून स्वतःचं फ्लॅट (उलगडलेला सपाट आकार) काढत असेल, तर लेझरला कॅडचं (सॉलिडवर्क्समधलं) डीएक्सएफ देऊ नका. ब्लँक एका हिशेबाने आणि बॅकगेज दुसऱ्या हिशेबाने चालतो, मग कितीही पट्ट्या वाकवा, माप जुळत नाही. दोन्हीकडे तेच डिडक्शन भरा किंवा एकीकडचंच फ्लॅट वापरा. आणि डाय व्ही-१० ची लावली तर "सीआरसीए १.६ व्ही१०" अशी नवी ओळ टाका, व्ही१२ ची ओळ खोडू नका.