मलमपट्टीच्या पुढे

'चर्चचे स्वयंसेवक कपडे आणि शिधा वाटतात, मजुरी तेवढीच राहते' अशी एक तक्रार स्थलांतरित मजुरांमधल्या चर्चच्या कामाबद्दल केली जाते; ती मला अर्धीच पटते. अमेरिकेतल्या मायग्रंट मिनिस्ट्रीची, म्हणजे स्थलांतरित शेतमजुरांसाठी चर्चने चालवलेल्या सेवाकार्याची, सुरुवात 1920 साली स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघरं काढूनच झाली. पण 1965 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेलानो गावच्या द्राक्षमळ्यांत फिलिपिनो आणि मेक्सिकन मजुरांनी संप केला, तेव्हा तिथली मिनिस्ट्रीची हीच मंडळी आपले प्रमुख ख्रिस हार्टमायर यांच्यासोबत उघडपणे संपकऱ्यांच्या बाजूने उभी राहिली.

हे सोपं नव्हतं, कारण मळेवालेही त्याच चर्चचे सभासद आणि देणगीदार होते! तरी मिनिस्ट्रीची माणसं मागे हटली नाहीत, याचं मला फार मोल वाटतं. 1970 मध्ये मळेवाल्यांना युनियनशी करार करावे लागले. आणि पाळणाघराला तरी कमी का लेखायचं? मूल सुरक्षित असल्याशिवाय आई संपाच्या सभेला येणार कशी?