गवताची धावपट्टी, भरलेलं हॉपर (फवारणी विमानातली औषधाची टाकी): टेकऑफ कुठे सोडायचा?

फवारणी_पायलट: धावपट्टी 800 मीटर, ओलं गवत, तापमान 35. मॅन्युअलमध्ये पूर्ण वजनाला, 15 अंश तापमानाला, कोरड्या पक्क्या धावपट्टीवर 50 फूट उंची गाठेपर्यंत 400 मीटर दिलेत. निम्मी जागा उरते, मग चालेल ना?

टेलव्हील: नाही. दर 10 अंशांना 10 टक्के वाढ धरा, ओल्या गवताला 30. टक्के बेरजेत नाही, गुणाकारात धरायचे: 400 × 1.1 × 1.1 × 1.3 = सुमारे 630. त्यावर सुरक्षेचा 1.33 हा गुणक लावला की 837. धावपट्टी संपली! लोड कमी करा. वजन 10 टक्के घटलं की अंतर साधारण 20 टक्क्यांनी घटतं. आणि वळसा वाचवायला पाठवाऱ्यात उडू नका.

विंडसॉक: अर्ध्या धावपट्टीवर ठळक खूण ठेवा. तिथे लिफ्टऑफ वेगाच्या (ज्या वेगाला चाकं जमीन सोडतात) 70 टक्के वेग नसेल, तर थ्रॉटल बंद. ‘अजून थोडं बघू’ तिथेच नडतं.

डम्प_लिव्हर: चाकं जमिनीवरून सुटल्यावर विमान चढत नसेल तर लगेच डम्प, म्हणजे हॉपरचं गेट उघडून सगळा लोड सोडून द्या. लोड सुटताच नाक झपकन वर येतं, स्टिक पुढे दाबायची तयारी हवी, नाहीतर स्टॉल, म्हणजे पंखांची उचल जाऊन विमान खाली येतं. वाळलेल्या औषधाने गेट चिकटतं, म्हणून पाणी भरून आधी जमिनीवर उघडून बघा.