मदत हवी आहे: ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्यांसाठी प्रीअँप कोणता?

मंडळी, माझ्याकडे मुख्यतः जॅझच्या एलपी आहेत आणि त्या झकास वाजतात. आता लाखेच्या काही ७८ च्या तबकड्या हाती आल्यात: गायिका बेसी स्मिथचा १९२५ चा ब्लूज (सोबत लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट, आणखी काय हवं!) आणि पाब्लो कासाल्सने १९३६ ते १९३९ दरम्यान वाजवलेल्या बाखच्या चेलो सुइट्सपैकी दोन.

एलपीची सुई या रुंद खोबणीत तळाला घासते, म्हणून ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाड सुई घेतली. खरखर बरीच कमी झाली. अडतंय पुढे. माझ्या प्रीअँपमध्ये (सुईकडून येणारा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र) फक्त आरआयएए आहे, म्हणजे खालचे सूर वाढवून वरचे कमी करणारा एलपीसाठीचा ठरावीक ईक्यू, जो आला १९५० च्या दशकात. त्यामुळे कासाल्सचा चेलो खाली फुगतो आणि वर मंद होतो. बेसी स्मिथचं मुद्रण तर मायक्रोफोनशिवाय, थेट कर्ण्यातून झालेलं, तिथे आरआयएए लावण्यात अर्थच नाही. शिवाय त्या काळच्या तबकड्यांचा वेग कधीकधी ८० सुद्धा असायचा.

टर्नओव्हर (ज्या कंपनसंख्येपासून खालचे सूर वाढवले जातात ती) बदलता येणारा प्रीअँप घ्यावा, की फ्लॅट, म्हणजे ईक्यू न लावलेला सिग्नल संगणकात घेऊन तिथेच ईक्यू लावावं? दुसरा मार्ग स्वस्त, पण दर वेळी लॅपटॉप उघडून गाणं ऐकायचं माझ्या जिवावर येतं. पुण्या-मुंबईत कुणी असा प्रीअँप वापरत असेल तर अनुभव सांगा. आणि धुवायला काय वापरता? अल्कोहोलने लाख विरघळते, तेव्हा ते सोडून.