चांदीच्या तबकावरची परकी अक्षरं पुसून घ्यावीत का?

जुनीपेटी:
आजीकडून आईकडे आणि आता माझ्याकडे एक गोल चांदीचं तबक आलंय, खाली तीन छोटे पाय आहेत. मधोमध तीन इंग्रजी अक्षरं कोरलीत, वर एक खाली दोन, आणि त्यातलं एकही आमच्या घरातल्या कुणाचं नाही. भाऊ म्हणतो अक्षरं घासून काढू आणि तिथे आजीचं नाव घालू. माझं मन होत नाहीये. मागे बारीक ठसे आहेत, चालता सिंह, मुकुट घातलेलं बिबट्याचं तोंड, एका माणसाचं डोकं, एक सुटं अक्षर आणि दोन आद्याक्षरं.

ठसेवेडा:
सिंह म्हणजे स्टर्लिंग, 1000 मध्ये 925 भाग चांदी. डोकं राजाचं, कर भरल्याची खूण, ती 1784 ते 1890 एवढीच होती. लंडनच्या बिबट्याचा मुकुट 1821 मध्ये गेला, म्हणजे शेजारी दुसऱ्या शहराचा ठसा नसेल तर तुमचं तबक लंडनचं आणि 1784 ते 1821 मधलं. सुटं अक्षर वर्षाचं, त्याची लिपी आणि चौकटीचा आकार दोन्ही वर्षांच्या अक्षरांच्या तक्त्याशी जुळवा, नुसतं अक्षर बघून फसायला होतं. आद्याक्षरं कारागिराची.

कोरीव:
अक्षरं अजिबात पुसू नका! त्रिकोणात वरचं अक्षर बहुतेक आडनावाचं असतं आणि खालची दोन नवरा-बायकोच्या नावांची, म्हणजे तो एक संसार आहे. शिवाय कोरलेलं काढायचं म्हणजे तेवढी चांदीच खरवडायची, पत्रा पातळ होतो, मग अंगठ्याने दाबला तरी लवतो. आधी अक्षरांवर तोंडाची वाफ सोडून बघा बरं.

जुनीपेटी:
सोडली. अक्षरांभोवती एक लंबगोल रेघ उमटली आणि वाफ उडाल्यावर गेली!! मागूनही तशीच दिसते.

कोरीव:
मग तो डाग देऊन (वितळवलेल्या धातूने) जोडलेला सांधा आहे. आधीच्या मालकाचं काही कोरलेलं असणार, ते कापून तिथे नवा तुकडा बसवला आणि त्यावर ही अक्षरं आली. म्हणजे तुमच्याआधी निदान दोन घरं तरी. आता परत खरवडलं तर तो पातळ तुकडाच जाईल. आजीचं नाव कागदावर लिहा, फोटो लावा, तबकासोबत ठेवा. आणि काळं पडलं म्हणून डिपमध्ये, म्हणजे चांदी उजळायच्या द्रावात, बुडवू नका, रेघांमधला काळेपणा गेला की कोरीव काम फिकं दिसतं.

जुनीपेटी:
भावाला वाफेचा फोटो पाठवला, तो गप्पच झाला. आजीला ते कुणी दिलं हे आम्ही कधी विचारलंच नाही, आईला आठवतंय थोडंफार, आज रात्रीच वही घेऊन बसते तिच्याजवळ.