भामरागडकडच्या गावासाठी सॅटेलाइट इंटरनेट : आत्ताच व्हीसॅट (छोट्या डिशवरचं उपग्रहाचं इंटरनेट) घ्यावं की थांबावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाव भामरागड तालुक्यातलं आहे, नाव टाकत नाही. ग्रामसभेकडे तेंदूपत्त्याचे थोडे पैसे शिल्लक आहेत आणि त्यातून गावाचं स्वतःचं इंटरनेट घ्यायचं असं पोट्ट्यांनी काढलं, मोठी माणसंही हो म्हणाली, आणि माहिती काढायचं काम माझ्याकडे आलं म्हणून इथे विचारून राहिलो. हा पैसा बायामाणसांनी मे महिन्याच्या उन्हात पानं तोडून, पुडे बांधून कमावलेला आहे, त्यामुळे नीट समजल्याशिवाय कोणाला ॲडव्हान्स द्यायचा नाही असं ठरलंय.

सध्याची परिस्थिती सांगतो. फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आलेलं आहे पण रस्त्याच्या कामात कुठेतरी तुटते आणि मग जोडायला माणूस येईपर्यंत डबा नुसता भिंतीवर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तर कोणी येऊच शकत नाही. मोबाईलचा टॉवर आहे, विजेची लाइन गेली की थोड्या वेळाने तोही झोपते.

सगळ्यात जास्त त्रास रेशनचा. दुकानदार इ-पॉस (अंगठा घेणारं) मशीन घेऊन शाळेमागच्या टेकाडावर जाऊन बसतो कारण तिथे नेटवर्कची एखादी दांडी येते, खाली लोकं थैल्या घेऊन उभे. रोवणीच्या दिवसात बायांची बोटं चिखलाने इतकी फाटलेली असतात की अंगठा लागतच नाही, पुसून तेल लावून पुन्हा लावला तर लागतो, आणि लागला की नेमकं तेव्हाच नेटवर्क जाते आणि मशीन म्हणते पुन्हा सुरू करा. एक म्हातारी आहे आमच्याकडे, ती दुसऱ्या टोल्यावरून (वस्तीवरून) नाला ओलांडून येते आणि कितीदा तरी तांदूळ न घेता परत जाते. हे बघवत नाही हो. शिवाय धान खरेदीची ऑनलाइन नोंदणी, पोरांचे स्कॉलरशिपचे आणि पोलीस भरतीचे फॉर्म, उपकेंद्रातल्या सिस्टरला ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलायचं असते, हे सगळं त्याच एका दांडीवर.

आता मी वाचलं ते असं की दोन प्रकार आहेत. एक जुना, म्हणजे व्हीसॅटवाला, उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किमी उंच, आपल्याला तो आकाशात एकाच जागी दिसतो, इस्रोचे जीसॅट-११ आणि जीसॅट-२९ त्यातले, दोन्ही २०१८ मध्ये गेले आणि त्यावर भारतात ब्रॉडबँड मिळते. दुसरा खालच्या कक्षेतला, स्टारलिंक या अमेरिकन कंपनीचे उपग्रह साधारण ५५० किमीवर फिरतात. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये केंद्राचं लायसन मिळालं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांच्याशी इरादापत्र केलं, त्यात गडचिरोलीचं नाव आहे, नंदुरबार धाराशिव वाशिमबरोबर. म्हणून गावात दोन गट पडले, एक म्हणते थांबा, सरकारच आणून देईल, दुसरा म्हणते अजून एक पावसाळा असाच काढायचा का.

मला कळत नाही ते हे की वरच्या उपग्रहाला वेळ लागतो म्हणतात, तर त्या उशिरामुळे इ-पॉस टाइमआउट होईल का? आमच्याकडे चारी बाजूंनी साग आणि मोह आहेत, मोहाचं झाड कोणी तोडू देणार नाही आणि मीही म्हणणार नाही, तर डिश कुठे बसवायची? पावसात डीटीएच जातो तसं हेही जाईल का, कारण पावसातच तर आम्हाला खरी गरज आहे. आणि एक जण म्हणतो की बाहेरदेशातून आणलेला स्टारलिंकचा किट स्वस्तात देतो, घ्यावा का?

कोणी प्रत्यक्ष वापरलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

---

नागपूरचा व्हीसॅटवाला :

भाऊ, आधी शेवटचं. तो किट अजिबात घेऊ नका. २०२१ मध्ये लायसन नसताना स्टारलिंकचं बुकिंग सुरू झालं होतं तेव्हा दूरसंचार विभागाने लोकांना जाहीर सूचना देऊन घेऊ नका सांगितलं होतं आणि कंपनीला पैसे परत करावे लागले. बाहेरून आणलेलं यंत्र परवानगीशिवाय चालवणं गुन्हा आहे आणि तुमचा भाग कोणता आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. गावातल्या एखाद्या पोराच्या मागे चौकशी लागेल.

आता उशिराचं. सिग्नल वर जातो, खाली हबला (कंपनीच्या जमिनीवरच्या केंद्राला) येतो, उत्तर पुन्हा वर आणि पुन्हा तुमच्याकडे, म्हणजे चार टप्पे मिळून जवळपास १ लाख ४३ हजार किमी. प्रकाशाच्या वेगाने गेलं तरी अर्धा सेकंद तिथेच जातो, प्रत्यक्षात ६००-७०० मिलिसेकंद धरा. एका अंगठ्याला अशा काही जाण्यायेण्याच्या फेऱ्या होतात म्हणून दोन-चार सेकंद जास्त लागतील, पण डेटा तर मोजून काही केबीचा असतो. इ-पॉसला वेग लागत नाही, मधे न तुटणारी लाइन लागते. उशीर जाणवेल तो सिस्टरच्या व्हिडिओ कॉलमध्ये, दोघं एकदम बोलले की गोंधळ होतो, एकाने थांबून दुसऱ्याने बोलायची सवय केली की जमते. फक्त मशीनमध्ये वायफायची सोय आहे का ते दुकानदाराकडून आधी बघून घ्या, फक्त सिमवर चालणारं असेल तर पुरवठा निरीक्षकांशी बोलावं लागेल.

झाडांचं : जीसॅट-११ आहे ७४ अंश पूर्वेला. भामरागडवरून बघितलं तर दक्षिणेला किंचित पश्चिमेकडे आणि चांगला ६५ अंश वर, म्हणजे डिश जवळजवळ डोक्यावर बघते. तेवढी एक फट मोकळी असली की झालं, मोह शाबूत राहते. उलट खालच्या कक्षेतले उपग्रह सारखे सरकत असतात, त्यांना आकाशाचा मोठा तुकडा मोकळा लागतो, सागाच्या मधोमध ते जास्त अवघड जाईल.

पाऊस : जोराची सर आली की जाईल, खोटं नाही सांगत. सर ओसरली की आपोआप येते. विचारताना केयू बँड आहे की केए (सिग्नलच्या फ्रिक्वेन्सीचे दोन पट्टे) हे नक्की विचारा, केएची फ्रिक्वेन्सी जास्त म्हणून पावसाचा मार त्याला जास्त. दिवसभर रिपरिप असली तर सहसा चालून जाते.

---

मेळघाटातली शिक्षिका :

दादा, सगळे उपग्रहाचं बोलतात पण आमच्याकडे धारणीच्या बाजूला अनुभव असा की आधी वीज बघा. मोडेम, राउटर मिळून समजा ६० वॉट, १० तास चालवलं तर ६०० वॉट-अवर, म्हणजे १२ व्होल्ट १०० एएचची बॅटरी अर्धी झाली. पावसाळ्यात सलग ढग असले की सोलर भरत नाही, म्हणून पॅनेल हिशोबापेक्षा मोठंच घ्या आणि रात्री बंद ठेवायचं ठरवून टाका. अर्थिंग आणि लाइटनिंग अरेस्टर यात पैसे वाचवू नका, आपल्याकडे विजा कशा पडतात माहीतच आहे तुम्हाला.

दुसरं म्हणजे डेटा. प्लॅनला मर्यादा असते आणि पहिल्या आठवड्यातच सगळ्यांच्या फोनचे अपडेट आणि व्हिडिओ ती खाऊन टाकतात, मग रेशनच्या दिवशी लाइन रांगते. राउटरमध्येच अपडेट बंद करा आणि इ-पॉस, उपकेंद्र, फॉर्म यांना पहिला नंबर द्या. पोरांच्या अभ्यासाचे व्हिडिओ एका जुन्या कॉम्प्युटरवर एकदा उतरवून ठेवा, कोलिब्री म्हणून मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यावरून गावातल्या वायफायवर इंटरनेट न वापरता बघता येतात. माझ्या वर्गातली मुलं तसंच बघतात, एकही एमबी जात नाही.

---

मूळ प्रश्नकर्ता :

दोघांचेही मनापासून आभार, तुमचं उत्तर पुढच्या ग्रामसभेत जसंच्या तसं वाचून दाखवतो, माडिया भाषेत सांगायला एक जण आहेच. किट घ्यायचा नाही हे तर आजच सांगून टाकलं.

दुसऱ्या टोल्याचं राहिलंच की. तो नाल्यापलीकडे आहे, म्हातारी तिथलीच. शाळेच्या छतावरून त्यांच्या समाजमंदिराचा पत्रा दिसते, तर ५ गिगाहर्ट्झचा पॉइंट-टू-पॉइंट (दोन छतांमधला बिनतारी) जोड टाकला तर चालेल ना? त्याला लायसन लागत नाही असं वाचलं. आणि पीएम-वाणी या केंद्राच्या सार्वजनिक वायफाय योजनेमध्ये २०२० पासून कोणीही दुकानदार नोंदणीशिवाय वायफाय देऊ शकतो, मग ग्रामसभेने थोडे पैसे घेऊन दिलं आणि त्यातून महिन्याचं बिल निघालं तर? पण सॅटेलाइटवाल्या कंपनीच्या अटीत पुढे वाटून द्यायला मनाई असते का, हे कोणी करारनामा बघितला असेल तर सांगा, कारण एका घरापुरतं घ्यायचं असतं तर ग्रामसभेचा पैसा लावायचा प्रश्नच नव्हता.

एटापल्ली, सिरोंचा किंवा धानोऱ्याकडे कोणाच्या रेशन दुकानात व्हीसॅटवर इ-पॉस चालू असेल तर नंबर इथे टाकू नका, मेसेज करा, आम्ही दोघं-तिघं गाडी घेऊन बघायला येतो.