मदत हवी आहे: साडेसहा वर्षांची बधिरांध मुलगी, शिकवायला सुरुवात कशाने करू?

खाडीकाठची:

नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यात खाडीच्या काठी राहतो. लेक साडेसहा वर्षांची. पोटात होती तेव्हा तिसऱ्या महिन्यात मला ताप आला, अंगावर बारीक पुरळ उठलं. दोन दिवसांत गेलं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. तो रुबेला होता हे ती जन्मल्यावर कळलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, कानांनी जवळजवळ काहीच नाही. डोळ्यांची ऑपरेशनं झाली. आता उजव्या डोळ्याला उजेड आणि मोठ्या वस्तूंच्या सावल्या कळतात. श्रवणयंत्राचा उपयोग झाला नाही. कॉक्लिअर इम्प्लांटचंही (ऐकू येण्यासाठी ऑपरेशन करून कानात बसवायचं यंत्र) विचारून झालंय, तिच्या बाबतीत डॉक्टरांनी नाही म्हटलं, तेव्हा कृपया ते सुचवू नका.

ती हुशार आहे. आजीला काकणं चाचपून ओळखते, बाबा होडीवरून आले की डिझेलच्या आणि मासळीच्या वासाने. पायाखाली सारवण लागलं की अंगण, गार कोबा लागला की पडवी, सगळं घर तिच्या तळव्यांना पाठ आहे. पेज हवी असली की माझा हात धरून चुलीकडे ओढते. सासूबाई म्हणतात, "तेका सगळा समाजता गो, आपणांकच सांगूक येणा नाय."

कर्णबधिरांच्या एका शाळेत सांगितलं, हिला खुणा दिसणार नाहीत. अंधांच्या शाळेत सांगितलं, हिला ऐकू येत नाही, शिकवणार कसं? दोन्हीकडे आम्ही दहा मिनिटांत बाहेर.

विचारायचं हे: ब्रेल आधी की खुणा? हात धरून काही दाखवायला गेलं की ती हिसडा मारून सोडवून घेते, कधी चावते, त्याचं काय करू? आणि मुंबईला बिऱ्हाड हलवल्याशिवाय हे होणारच नाही का? ह्यांचं पोट होडीवर आहे.

वाशिष्ठी:

ताई, मी चिपळूणकडे विशेष शिक्षिका आहे. आधी हाताचं सांगते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

तिचे हात हेच तिचे डोळे आहेत. आपण ते वरून पकडतो तेव्हा तिला काहीच दिसेनासं होतं. म्हणून चावते. तुमचा हात खाली ठेवा, तिचा वर. तुम्ही तांदूळ निवडताय, तिची बोटं तुमच्या बोटांवर अलगद टेकू द्या. नको वाटलं तर तिला हात काढून घेता आला पाहिजे. जवळ जाताना आधी खांद्याला स्पर्श, मग तुमची बांगडी तिच्या हाताला. ही तुमच्या नावाची खूण. ती बांगडी बदलू नका. आजींची काकणं तिने स्वतःच ठरवली आहेत, बघा!

ब्रेल आत्ता नाही. तिला अजून वस्तूंना नाव असतं हेच माहीत नाही, मग सहा ठिपके कशाचे? आंब्याचा एक पुठ्ठ्याचा खोका घ्या, आत आडवे पुठ्ठे लावून चार कप्पे करा. तांब्या म्हणजे अंघोळ, वाटी म्हणजे पेज, वहाण म्हणजे बाहेर जाणं, अभ्रा म्हणजे झोप. त्या त्या वेळी ती वस्तू तिने कप्प्यातून उचलायची, काम करायचं, झालं की शेजारच्या रोवळीत टाकायची: संपलं. वस्तू रोज तीच हवी. वस्तू हातात दिल्यावर थांबा, मनात पंधरापर्यंत मोजा. आपण घाई करतो आणि तिचं उत्तर राहून जातं. वस्तू पक्क्या झाल्या की प्रत्येकीबरोबर हाताची एक खूण जोडायची. खुणा तिने तुमच्या हातांवर हात ठेवून वाचायच्या. फणसाच्या आठळ्या आणि काजूबिया वेगळ्या करायला द्या, पुढे ब्रेलला तीच बोटं लागतील. उजेडाकडे तिची पाठ ठेवा, डोळ्यांवर तिरीप नको.

बधिरांध लेखिका हेलन केलर यांच्याकडे शिक्षिका ॲन सुलिव्हन आल्या तेव्हा, मार्च १८८७ मध्ये, हेलन तुमच्या लेकीएवढ्याच होत्या. घरच्या खुणा त्यांच्याकडेही होत्या, पाव हवा तर कापून लोणी लावल्याची नक्कल करत. तरी तळहातावर बोटांनी लिहिलं जातंय ते 'नाव' आहे हे कळायला महिना लागला. पण त्या १९ महिन्यांच्या होईपर्यंत पाहत-ऐकत होत्या, तुमची लेक जन्मापासून अशी आहे. त्यांच्या वेगाशी तिची तुलना करू नका, आणि करणाऱ्या पाहुण्यांचं ऐकूही नका.

शाळेबद्दल: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, बहुविकलांगतेत बधिरांधत्व स्पष्ट लिहिलेलं आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्तीचं प्रमाणपत्र असलेल्या मुलाला ६ ते १८ वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, निवड तुमची. ओरोसला जिल्हा रुग्णालयात प्रमाणपत्राचं आणि यूडीआयडी कार्डाचं (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काम आधी उरका. त्यावर नुसतं अंध किंवा नुसतं कर्णबधिर लिहून घेऊ नका. मग तालुक्याच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या विशेष शिक्षकांना भेटा आणि गृहाधारित शिक्षणासाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

बिऱ्हाड हलवायची घाई नको. मुंबईत हेलन केलर इन्स्टिट्यूट १९७७ पासून बधिरांध मुलांना शिकवते. एकदा कोकण रेल्वेने जाऊन तिची तपासणी करून घ्या, घरी काय करायचं ते विचारून या. अहमदाबादची सेन्स इंडिया ही संस्थाही याच कामात आहे.

सहा_ठिपके:

वहिनी, मी स्वतः बधिरांध आहे. जन्मापासून ऐकू येत नाही. अशर सिंड्रोम आहे, म्हणजे बहिरेपणाबरोबर नजरही हळूहळू जाते असा जन्मजात आजार. बारा-तेराव्या वर्षी रात्री पाणंदीतून चालताना ठेचा लागू लागल्या, तिथून नजर आकसत गेली. आता बायकोच्या हातांवर हात ठेवून खुणा वाचतो. खुणा न येणारे माझ्या तळहातावर बोटाने अक्षरं काढतात. हा धागा मी ब्रेल डिस्प्लेवर वाचला, फोनवरचा मजकूर बोटांखाली ठिपक्यांनी उठतो.

एकच विनंती. खोलीतून जाताना तिला सांगून जा, खांद्यावर ठरलेली थाप देऊन. माणूस न सांगता निघून गेला की आम्ही रिकाम्या खोलीत वाट बघत बसतो. लहानपणी हे कुणी केलं नाही तर माणसांवरचा भरवसा उशिरा येतो.

खाडीकाठची:

तीन आठवड्यांनी लिहितेय. थाप पहिल्या दिवसापासून चालू केली. आता मी उठले की खांदा पुढे करते. हात खाली ठेवायचं मला जड गेलं, सासूबाईंना पटकन जमलं; दोघी मिळून सोलं वाळत घालतात. ओरोसची तारीख मिळाली आहे.

तांब्या तिला कळला. परवा रात्री दहा वाजता तिने स्वतः खोक्यातून काढला आणि माझ्या हातात आणून दिला. अंघोळ तर सकाळीच झाली होती. मी काय करावं ते न कळून उभी राहिले, सासूबाईंनी मात्र चूल पेटवून पाणी तापत ठेवलं. काल पुन्हा तेच. प्रत्येक वेळी अंघोळ घालायची का? नाही म्हटलं तर?

वाशिष्ठी:

घाला! सध्या प्रत्येक वेळी. तिने पहिल्यांदा काही मागितलंय. 'आत्ता नाही, उद्या' हे नंतर शिकवू, त्याला उद्याचा कप्पा लागेल. आजींना माझा नमस्कार सांगा.